सही कुणाची?

(कडेगाव इथे बचत गट आणि किशोरी गटांच्या मेळाव्यात केलेलं भाषण. बोलणं शक्यतो तसंच ठेवलं आहे.)

मैत्रिणींनो,

पत्रिकेत माझ्या नावापुढे 'साहस आणि स्त्री' असा विषय छापलाय. तो मी दिलेला नाही, आणि एवढ्या मोठ्या विषयावर बोलण्याची माझी तयारीही नाही. आपण डिसेंबरात पाचगणीला गेलो, तिथल्या डोंगरावरून आपल्यातल्या काहीजणी पॅराग्लायडिंग करून खाली आल्या, आणि त्याआधी एका फॉर्मवरून तासभर वाद झाला, तेवढंच सांगणार आहे. ज्या बरोबर होत्या त्या समोरच बसल्यात. माझं काही चुकलं तर तिथूनच सांगा.

सुरुवात एका व्हिडिओनं झाली. फेब्रुवारी २०२५ मध्ये तो सगळ्यांच्या फोनवर फिरत होता. वाई तालुक्यातल्या पसरणी गावचा कॉलेजचा मुलगा. परीक्षा खाली, तो वर पाचगणीत, आणि घाटानं गेला तर वेळेत पोचणं अवघड. मग पॅराग्लायडिंगवाल्यांनी त्याला पंखाखाली बांधलं आणि पाठीवरच्या दप्तरासकट खाली आणून सोडलं. सगळ्यांनी कौतुक केलं, मीही केलं. आमच्या किशोरी गटाच्या बैठकीत मुली तो व्हिडिओ पाहून हसत होत्या. तेवढ्यात बारावीतली एकजण म्हणाली, "ताई, हीच पोरगी असती तर उडू दिलं असतं व्हय?"

हसणं थांबलं. मी एम.एस.डब्ल्यू. झालेली बाई, छत्तीस वर्षांची, दहा-बारा वर्षं बैठका घेतेय. प्रश्नाला उलटा प्रश्न टाकून वेळ मारून नेणं मला चांगलं जमतं. त्या दिवशी जमलं नाही. मी म्हटलं, जाऊन बघू.

आता आपल्या सहली म्हणजे तुम्हाला ठाऊक आहेत. नरसोबाची वाडी, पंढरपूर, जेजुरी. देवाला जाताना घरात कुणी अडवत नाही. म्हणून तर सहल म्हटलं की आपण देवच निवडतो. पाचगणीचं नाव काढल्यावर पहिला वाद पैशांचा झाला. एका उड्डाणाला अडीच हजार रुपये. शेतमजूर बाईची आठ-दहा दिवसांची मजुरी. व्याजाच्या रकमेतून काही उचलायचं ठरत होतं, तर एक काकू म्हणाल्या, "पैसे उडवायचे म्हणजे हेच की!" सगळ्या हसल्या, पण काकूंचं म्हणणं खोटं नव्हतं. शेवटी ठरलं, की येतील त्या सगळ्यांना नेऊ, उडायचं मात्र सहाजणींनी. नावं चिठ्ठ्या टाकून काढू, आणि निम्मे पैसे ज्यानं त्यानं भरायचे. एस.टी.चं तिकीट २०२३ पासून बायकांना निम्मं आहे, म्हणून एवढं तरी जमलं.

दुसरा वाद जिवाचा. त्याच वर्षी १८ जानेवारीला गोव्यात केरीच्या पठारावरून उडताना पुण्याची सत्तावीस वर्षांची एक तरुणी आणि तिचा पायलट, दोघंही गेले. तो धंदा परवानगीशिवाय चालला होता असं पुढं आलं आणि मालकावर गुन्हा दाखल झाला. ही बातमी मी स्वतः बैठकीत वाचून दाखवली. काही कार्यकर्त्या मैत्रिणी माझ्यावर रागावल्या, म्हणाल्या, आधीच घाबरलेल्या बायकांना आणखी घाबरवतेस कशाला? पण धोका लपवून नेलं असतं तर घरच्यांनी इतकी वर्षं आपल्याशी जे केलं तेच मी केलं असतं. 'तुला काय कळतंय, आम्ही बघतो' असं म्हणण्यासारखंच ते.

मग आम्ही चौकशी केली. राज्य सरकारनं २०२१ मध्ये साहसी पर्यटनाचं धोरण काढलंय, त्यात अशा व्यवसायांनी पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी करायची आहे. ते नोंदणीपत्र मागायचं. पायलट किती वर्षं उडतोय, दोघांना घेऊन उडण्याचं शिक्षण त्यानं घेतलंय का, हे त्यालाच विचारायचं. जादाचं पॅराशूट आहे का, ते शेवटचं कधी उघडून पुन्हा घडी घातलं, हेही. आणि वाऱ्याचं विचारायचं. जोराचा, झटक्यांचा वारा असला की शहाणा पायलट दिवसभर डोंगरावर नुसता बसून राहतो. पावसाळ्यात तर हा उद्योग बंदच असतो. 'चला, काही होत नाही' असं जो घाईनं म्हणेल त्याच्याकडे जायचं नाही, हे आम्ही कागदावर लिहून नेलं होतं.

तिसरा वाद घराघरात झाला, तो मला नंतर कळला. एका सुनेला सासरे म्हणाले, आपल्याकडच्या बायकांना असली धाडसं शोभत नाहीत. आपल्याकडच्या म्हणजे कुठल्या? याच कडेगाव तालुक्यातलं हणमंतवडिये हे हौसाताई पाटलांचं सासर. क्रांतिसिंह नाना पाटलांची ही मुलगी. १९४३ मध्ये भवानीनगरच्या पोलीस ठाण्यासमोर नवरा-बायकोच्या भांडणाचं सोंग करून त्यांनी मार खाल्ला. पोलीस भांडण सोडवायला बाहेर आले आणि साथीदारांनी आतली हत्यारं पळवली. तेव्हा त्या सतरा वर्षांच्या होत्या. गोव्यात मांडवी नदी त्यांनी लाकडी पेटीवरून पार केली. २०२१ मध्ये, पंचाण्णवाव्या वर्षी त्या गेल्या. त्या सासऱ्यांना हे सगळं माहीत होतं, दरवर्षी ते कार्यक्रमाला जातात. सुनेनं तसं म्हटल्यावर म्हणाले, "ते देशासाठी होतं." सून आली नाही. तिची चिठ्ठी निघाली होती.

तर आम्ही तेवीसजणी निघालो. कराड, सातारा, वाई, मग पसरणीचा घाट. वर पोचल्यावर आधी सगळ्याजणी कड्यापाशी जाऊन नुसत्या उभ्या राहिल्या. खाली कृष्णेचं खोरं, धोम धरणाचं पाणी, तुकड्या-तुकड्यांची शेतं. पाचगणी जवळजवळ तेराशे मीटर उंचीवर आहे. आपलं रान इतक्या उंचावरून कुणी पाहिलंय? एक मावशी म्हणाल्या, "बांध बघा केवढुसा दिसतोय, आणि त्याच्यापायी आमच्यात तीन पिढ्या कोर्टात गेल्या."

पंख जमिनीवर पसरलेला होता. आमच्यातल्या शिवणकाम करणाऱ्या मावशी सरळ त्याच्यापाशी जाऊन बसल्या आणि शिवण तपासू लागल्या. पायलटला विचारलं, दोरा कुठला, टाका किती, उसवलं तर कोण शिवतं. तो आधी गोंधळला, मग खुशीत येऊन दाखवू लागला. हा पंख म्हणजे शिवलेलं कापडच. वर एक थर, खाली एक थर, मध्ये कापडाचे उभे पडदे शिवून खण पाडलेले. खणांची तोंडं पुढून उघडी. वाऱ्याकडे धावलं की त्यातून हवा शिरते, खण फुगतात आणि त्याला पंखाचा आकार येतो. कापड बारीक चौकडीच्या विणीचं नायलॉन असतं, भोक पडलं तरी चीर पुढे सहजी पळत नाही. मावशी म्हणाल्या, "माझ्या मशीनवर हे बसंल." बसणार नाही, पण त्यांचा आत्मविश्वास मला आवडला.

इथे मला एका बाईची गोष्ट सांगायचीच आहे. पॅराग्लायडिंगच्या आधी हँग-ग्लायडिंग पसरलं. त्यात ॲल्युमिनियमच्या नळ्यांचा तिकोनी सांगाडा असतो आणि माणूस त्याला लटकून उडतो. त्याचं कापडी पंखाचं मूळ अमेरिकेतल्या रोगॅलो नावाच्या जोडप्याकडे जातं. फ्रान्सिस रोगॅलो विमानसंशोधनाच्या सरकारी संस्थेत इंजिनिअर होता, पण हे काम त्याचं नोकरीबाहेरचं, घरचं. १९४८ मध्ये दोघांनी घरातच पंखा लावून वाऱ्याचा बोगदा तयार केला आणि लवचीक पंख करून पाहिला. तो शिवला त्याच्या बायकोनं, गर्ट्रूडनं, स्वयंपाकघराच्या पडद्याच्या कापडातून. १९५१ मध्ये त्याचं पेटंट मिळालं ते दोघांच्या नावानं. पुढे 'नासा'नं अंतराळयान खाली उतरवायला हा पंख वापरता येईल का, यावर बरीच वर्षं प्रयोग केले. पंखाला आजही नुसतं 'रोगॅलो' म्हणतात, आणि ऐकणाऱ्याच्या डोळ्यांसमोर पुरुषच येतो. आपल्याकडे कुठलीही योजना आली की बाईला शिवणयंत्र मिळतं. ते घेऊन झबलीच शिवायची असं कुठं लिहिलंय, असं मला तेव्हापासून वाटतंय.

असो. मुद्द्यावर येते.

उडण्याआधी फॉर्म भरायचा होता. नाव, वय, वजन, आजार, रक्तगट. खाली एक ओळ : काही अपघात झाल्यास कंपनी जबाबदार नाही. निष्काळजीपणा झाला तर असा कागद लिहून घेतला म्हणून ग्राहक आयोगाचा दरवाजा बंद होत नाही, हे मी बायकांना सांगितलं. त्याच्या खाली अर्जदाराची सही. आणि त्याच्याही खाली, फक्त बायकांच्या फॉर्मवर, पेनानं काढलेली आणखी एक रेघ : 'पती / वडील यांची संमती'. आमच्या शेजारी पुण्याची चार पोरं होती, वीस-एकवीसची. त्यांनी सह्या ठोकल्या आणि गेली.

मी विचारलं, ही रेघ कशाला? तिथला व्यवस्थापक सभ्य माणूस होता, मी त्याला वाईट म्हणणार नाही. तो म्हणाला, "ताई, उद्या काही झालं तर तुमची माणसं आमच्यावर धावून येतात. बाईला विचारलं होतं म्हटलं तर ऐकून घेत नाहीत. तुम्ही परवानगी कशी दिली, असं आम्हाला विचारतात." मी कायदा सांगितला. १८७२ च्या करार कायद्यात सही करणाऱ्याचं वय पूर्ण आणि मन ठिकाणावर असावं लागतं. त्यात बाई-पुरुष असा भेद नाही. तो म्हणाला, "कायदा बरोबर आहे ताई, पण डोंगरावर मी एकटा असतो."

ज्या सहाजणी उडणार होत्या त्यांतल्या दोघींनी नवऱ्यांना फोन लावले. मला वाईट वाटलं, पण त्यांना अडवणारी मी कोण? एकीचा नवरा हो म्हणाला. दुसरीचा म्हणाला, आईला विचार.

आणि आमच्यातली एकजण, तिचं नाव मी सांगत नाही, फॉर्म हातात धरून उभी होती. आपल्या भागातली कितीतरी माणसं गलाईच्या धंद्यात सोनं-चांदी गाळायला देशभर जातात, तुम्हाला माहीत आहे. हिचा नवरा तसाच लांबच्या शहरात गेला आणि तिकडेच त्यानं दुसरा संसार मांडला. चौदा वर्षं झाली. वडील वारले. मुलगा सतरा वर्षांचा. ती व्यवस्थापकाला अगदी हळू आवाजात म्हणाली, "सांगा की वं, मी कुणाची सही आणू?"

त्याला उत्तर देता आलं नाही. थोड्या वेळानं तो म्हणाला, "मुलाची चालेल." तेव्हा आमच्यातल्या सगळ्याच एकदम बोलायला लागल्या. ज्याच्या दहावीच्या फॉर्मवर हिनं पालक म्हणून सही केली, तो अजून सज्ञान नाही, त्यानं आईला परवानगी द्यायची?

तोडगा आमच्या गटाच्या सचिवांनी काढला. आदल्या दिवशी बँकेत जायचं होतं म्हणून गटाचा शिक्का त्यांच्या पिशवीत राहिला होता. त्या म्हणाल्या, "गटाच्या अध्यक्षांची सही आणि शिक्का चालंल का?" गोल शिक्का पाहून व्यवस्थापकाचा जीव भांड्यात पडला. सहाही फॉर्मवर 'पती / वडील' या रेघेवर बचत गटाचा जांभळा शिक्का बसला. सगळ्या इतक्या हसल्या की काही विचारू नका. मीही हसले.

पण परतीच्या गाडीत मला ते टोचायला लागलं, आणि आज तुमच्यासमोर कबूल करते. आपण उडण्यासाठी ती रेघ मान्य केली. नवऱ्याच्या जागी गट आला, जागा तशीच राहिली. मी ती रेघ खोडा, नाहीतर आम्ही जातो, असं म्हणायला हवं होतं. म्हटलं नाही, कारण तेवीसजणी इतक्या लांबून आल्या होत्या, आणि खरं सांगायचं तर मलाही उडायचं होतं. माझी चिठ्ठी निघाली होती.

ही रेघ फक्त डोंगरावर नाही, म्हणून मी एवढं लांबवतेय. गर्भपाताच्या १९७१ च्या कायद्यात सज्ञान बाईची स्वतःची संमती पुरते. नसबंदीलाही नवऱ्याची सही कायद्यानं लागत नाही. तरी आपल्यातल्या कितीजणींना दवाखान्यातून 'मालकांना घेऊन या' म्हणून परत पाठवलंय? हात वर करू नका, मला माहीत आहे. उलट ऊसतोडीला आलेली बाई डोक्यावर मोळी घेऊन अरुंद फळीवरून ट्रॉलीवर चढते. पाय घसरला तर मान मोडेल. तिथं हेल्मेट नाही, पट्टा नाही, आणि तिच्या नवऱ्याची संमती विचारणाराही कुणी नाही, कारण कोयता जोडीचाच धरतात. ती आणि तो मिळून एक कोयता. तिथं धोका आहे हे कुणाला दिसतच नाही. अडीच हजार रुपये देऊन, मनानं, मजेसाठी जोखीम घ्यायची म्हटली की मात्र सगळ्यांना तिच्या जिवाची काळजी वाटते.

उडण्याचं थोडं सांगते, मुली वाट बघतायत.

प्रवासी पुढे आणि पायलट मागे, दोघं एकाच पंखाला. मांडीला दोन पट्टे, छातीला एक. ते पट्टे बांधायला परका पुरुष जवळ येणार, हा प्रश्न आम्ही आधीच बोललो होतो. आमच्यातल्या दोघींनी आधी बकलं लावायला शिकून घेतलं आणि सगळ्यांना त्यांनीच बांधलं. पायलटनं सांगून, मग ओढून तपासायचं. मांडीचा पट्टा विसरणं ही या खेळातली जुनी आणि जीवघेणी चूक आहे, म्हणून तपासणी सोडायची नाही, फक्त रीत ठरवायची. पायलट म्हणाला, "बरं झालं ताई, आम्हालाही अवघडल्यासारखं होतं." हे मागायला आपण उगाच घाबरत होतो.

साडीचंही झालं. तिथला एक पोरगा म्हणाला, साडीवर जमणार नाही. पुण्याच्या शीतल महाजन यांनी २०१८ मध्ये थायलंडमध्ये नऊवारी नेसून विमानातून उडी मारली होती, त्याचा फोटो एका मुलीनं त्याला फोनवर दाखवला. खरं म्हणजे मांडीचे पट्टे नीट बसायला पाचवारी अडचणीचीच. आमच्या दोघींनी आत लेगिंग घालून कासोटा घातला. पायलटनं तपासून हो म्हटलं.

आमच्यातली एकजण टेक-ऑफच्या जागी उभी राहिली, पट्टे बांधून झाले, आणि म्हणाली, "मला नको." कुणी आग्रह केला नाही. तिची जागा दुसरीनं घेतली. नाही म्हणण्याचंही आम्ही आधीच ठरवलं होतं.

सूचना एकच असते : धावायचं, आणि पाय जमिनीवरून सुटेपर्यंत धावत राहायचं. लोक घाबरून मध्येच बसतात आणि मग दोघंही उतारावर आपटतात. मी चार पावलं धावले, पाचवं पाऊल हवेत पडलं. पोटात गोळा आला, तो गेला. वर आवाज नसतो, नुसता वारा दोऱ्यांतून वाजतो. उतारावर आदळून वर चढणाऱ्या वाऱ्यावर पंख तरंगतो, त्यात ताकदीचं काही काम नाही, वारा ओळखायचा. मी पायलटला विचारलं, इथं बाई पायलट आहे का? तो म्हणाला, आमच्याकडे नाही. शिकायला येतात, शहरातल्या. गावातल्या नाही.

आम्ही खालच्या एका पडीक रानात उतरलो. रानाची मालकीण बांधावर शेळ्या घेऊन बसली होती. म्हणाली, "रोज माझ्या रानात माणसं पडतात. मी एकदाबी बसले नाही. कोण इचारतंय?" तिच्या रानाचं भाडं कुणी देतं का, हे विचारायचं राहून गेलं. ते विचारायला पुन्हा जायला हवं.

जिचा नवरा दुसरीकडे आहे ती सगळ्यांत शेवटी उडाली. खाली उतरल्यावर बराच वेळ काही बोलली नाही. पंख गोळा करू लागली तेव्हा पायलट म्हणाला, राहू द्या. ती म्हणाली, "शिकू दे की." संध्याकाळी तिनं व्यवस्थापकाकडून स्वतःच्या फॉर्मची झेरॉक्स मागून घेतली. शिक्का तिथं होता, पण त्याच्या वरची तिची सही, मराठीत, पूर्ण नावाची, मोठी होती. ती झेरॉक्स तिनं रेशन कार्डाच्या पिशवीत ठेवलीय.

आता पुढचं. बारावीतल्या त्या मुलीला आणि आणखी एकीला पायलटचं शिक्षण घ्यायचंय. त्याचा खर्च आपल्या गटाच्या आवाक्याबाहेरचा आहे, त्यासाठी शिष्यवृत्ती मिळते का ते शोधायचंय. दुसरं, ती संमतीची रेघ काढून टाका, असा अर्ज आपण पर्यटन संचालनालयाला आणि त्या कंपनीलाही पाठवायचा ठरवलाय. दवाखान्यांसाठी वेगळा अर्ज आहे, तो जिल्हा शल्यचिकित्सकांच्या नावानं. दोन्हींचे मसुदे दारापाशी टेबलावर ठेवलेत. जेवणाआधी वाचून घ्या. ज्यांना वाचता येत नाही त्यांना किशोरी गटाच्या मुली वाचून दाखवतील. काही बदल सुचवायचा असेल तर कागदावरच लिहा, आणि सही करताना आधी नाव पूर्ण लिहा, शिक्का आज मी मुद्दामच आणलेला नाही.